अंगणातला जुना निंब: ठेवावा की काढावा?

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. अमळनेरला माझं माहेर. आई आता तिथे एकटीच असते. मागच्या आंगणात निंबाचं मोठं झाड आहे. वडिलांच्या शाळेच्या वयातही त्याची सावली घरावर यायची म्हणतात, म्हणजे साठी तर सहज उलटलेली. खोड माझ्या कवेत मावत नाही.

कमरेच्या उंचीवर एक ढोली पडली आहे, हात कोपरापर्यंत आत जातो. एक जाड फांदी शेजारच्या नानांच्या पत्र्यांवर गेली आहे. आणि बुंध्याला अगदी चिकटून पेव्हर ब्लॉक आहेत. मागच्या खोलीचं काम निघालं तेव्हा ठेकेदाराने सगळं आंगणच झाकून टाकलं होतं.

नाना वर्षभर मागे लागलेत, "पावसाळ्याआधी काढा, माझ्या पत्र्यांवर आलं तर कोण भरून देईल?" त्यांचंही चुकतंय असं म्हणवत नाही. वखारवाला येऊन बघून गेला. म्हणाला, आतून पोकळ आहे, एका वादळाचं गिऱ्हाईक. मजुरी घेणार नाही, लाकूड त्याचं. आई म्हणते, मी आहे तोवर कुऱ्हाड लागणार नाही.

ठेवायचं तर नेमकी काय निगा राखायची? आणि काढायचंच तर ते कशावरून ठरवायचं?

भरीतपुरी
झाड काढू का हे वखारवाल्याला विचारणं म्हणजे बोकडाचं भविष्य खाटकाला विचारणं.

तापीपल्याड
फोटो टाका ताई. शेंड्याचा नको, बुंध्याचा टाका. चारही बाजूंनी.

मोगलाई_वरण
45 अंशांत त्या झाडाखाली एकदा बसा आणि मग ठरवा. आमच्या जळगावच्या कॉलनीत सगळ्यांनी पार्किंगसाठी झाडं काढली. आता गाडीवर कापड टाकतात आणि स्टिअरिंग ओल्या फडक्याने धरतात.

पानझड
मी उद्यानविद्या शिकलेलो, धुळ्याला असतो. थोडं सविस्तर लिहितो.

माणसं झाड बघायला जातात आणि वर बघतात. पानं हिरवी, म्हणजे झाड ठणठणीत. तसं नसतं. पालवी आदल्या वर्षाच्या साठ्यावरही फुटते. मुळं कुजलेली झाडं भरगच्च पानांसकट आडवी झालेली मी पाहिली आहेत. वादळात पानं जितकी जास्त तितका वारा जास्त धरला जातो, हेही आहेच. म्हणून आधी खाली बघायचं.

झाड ज्या बाजूला झुकलंय त्याच्या विरुद्ध बाजूची जमीन उचलली गेली आहे का, तिथे ताजी भेग आहे का? बुंध्याशी किंवा उघड्या मुळांवर फळीसारखी कडक अळंबी उगवते का? ढोलीपासून वर किंवा खाली उभी चीर गेली आहे का? दोन जाड फांद्या जिथे फुटतात त्या बेचक्यात साल आत दाबली गेली आहे का? यातलं काही दिसलं तर काळजीचं कारण आहे. जमीन उचललेली दिसली तर मात्र धाग्यावर उत्तराची वाट बघू नका, आईंना त्या बाजूच्या खोलीत झोपू देऊ नका आणि लगेच जाणकार माणसाला दाखवा.

आता पोकळपणा. झाडाचा जिवंत भाग सालीच्या लगत असतो. मधला गाभा जुन्या झाडात जवळजवळ मृतच असतो, तो गेला तरी झाड जगतं. प्रश्न उरतो ताकदीचा. त्यासाठी एक ढोबळ आडाखा वापरतात: बाहेरचं धड लाकूड त्रिज्येच्या साधारण एक-तृतीयांश जाडीचं असेल तर पोकळ खोडही भार पेलतं. घेर 8 फूट असेल तर त्रिज्या 15 इंच येते, म्हणजे चहूबाजूंनी 5 इंच धड लाकूड हवं. हे कडं अखंड असेल तेव्हाचं गणित. ढोली एका बाजूने उघडी असेल तर ताकद त्याहून कमी धरायची.

घरच्या घरी तपासायचं तर लाकडी मोगरीने खोडावर ठोकत गोल फिरा. धड लाकडाचा आवाज भरीव येतो, पोकळ जागी लगेच बदलतो. बदलतो तिथे खडूची खूण करा. खूण सगळीकडून करायला लागली तर नाना बरोबर आहेत.

खरंखोटं
सगळं छान आहे, पण बोलणाऱ्यांच्या डोक्यावर ते झाड नाही. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्याच वादळात आमच्या गल्लीतला गुलमोहर मुळासकट आला. दोन मोटारसायकली आणि एका घराची गॅलरी गेली. त्याच्याखाली रोज संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळायची. पाऊस होता म्हणून कोणी नव्हतं, इतकंच. झाडावर प्रेम मलाही आहे, पण एकटी म्हातारी बाई आणि पोकळ झाड या जोडीत मी झाड निवडणार नाही.

पानझड
खरंखोटं, भीती रास्त आहे. पण गुलमोहर आणि निंब एका रांगेत नका बसवू. गुलमोहराची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, आणि गल्लीत एका बाजूला गटार नि दुसऱ्या बाजूला पाइपलाइन खोदताना ती मुळं हमखास तुटतात. पेल्टोफोरम आणि सुबाभूळही भरवशाचे नाहीत. निंबाचं लाकूड चिवट आणि जातही दीर्घायुषी. तुमच्या गुलमोहराशेजारी पडण्याआधी काही खोदकाम झालं होतं का?

खरंखोटं
झालं होतं. नळाची नवीन लाइन.

भरीतपुरी
घ्या. खून पाइपलाइनने केला, फाशी झाडाला.

पारोळ्याचे_आबा
ताई, आमच्या वाड्यातल्या चिंचेला अशीच ढोली होती. आतला भुसा खरवडून काढला, विटांचे तुकडे भरले, वरून सिमेंट. चिंच अजून उभी आहे. खर्च काहीच नाही. उगाच एवढं शास्त्र कशाला?

पानझड
आबा, चिंच सिमेंटमुळे उभी आहे की सिमेंट पोटात असूनही उभी आहे?

पूर्वी सगळीकडे असंच करायचे, अगदी सरकारी बागांतसुद्धा. नंतर लक्षात आलं की झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. मधे फट पडते, फटीत पाणी साचतं, आणि आतली कूज आपल्याला दिसायची बंद होते. खरवडणं तर त्याहून वाईट. आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड कुजक्या भागाभोवती आतून कूड घालतं आणि पुढे नवं लाकूड वाढवतं. खरवडताना तो कूडच आपण फोडतो. ढोलीतला सुटा कचरा हाताने काढा, बाकी तिला हात लावू नका. पाणी निघून जावं म्हणून खाली भोकही पाडू नका.

तुमच्या चिंचेतलं सिमेंटही आता काढायला जाऊ नका. बसलंय ते बसू द्या.

पारोळ्याचे_आबा
काढायला मला काय कुत्रं चावलंय? ठीक आहे, नवीन झाडात भरणार नाही.

निंबोळी_अर्क
मोरचूद-चुन्याचं विचारा कोणीतरी. आम्ही आंब्याच्या बागेत पावसाळ्याआधी बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतो. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत भिजवायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही, मग एकत्र करायचं. त्याच दिवशी संपवायचं. आणि आंब्याच्या खोडातून भुसा गळत असेल तर तो भिरूड. भोकात तार घालून अळी काढायची, पेट्रोलचा बोळा आत ढकलून वरून चिखलाने लिंपायचं. जुना आंबा भिरुडाने जातो, वयाने क्वचित.

पानझड
आंब्याबद्दल शंभर टक्के सहमत. निंबाच्या फांदीचा काप मात्र उघडा ठेवला तरी चालतो. डांबर, ऑइलपेंट, शेण यातलं काहीही थापायची गरज नाही. कुठे कापलं आणि कसं कापलं, यावर सगळं ठरतं.

पाटाचं_पाणी
बुंध्याला उधई (वाळवी) लागली आहे का ते पण सांगा. आमच्याकडे मातीचे पापुद्रे दिसले की लोक घाबरून औषधाचा डबा ओततात. आधी पापुद्रा खरवडून बघायचा. बहुतेक वेळा ती वरची मेलेली सालच खात असते, खाली ओली हिरवी साल शाबूत असते. गेरू-चुन्याचा पट्टा मारायचा, झालं.

वकिलीण_वहिनी
सगळे झाडाचे डॉक्टर जमलेत, तेव्हा कायद्याचं मी सांगते. अमळनेर नगरपरिषद हद्दीत आहे, म्हणून महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू. झाड तुमच्या आंगणात, तुमच्या आजोबांनी लावलेलं असलं तरी परवानगी लागते. आणि 'तोडणे' या शब्दात जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. म्हणजे 'आम्ही फक्त छाटलं' म्हणत सगळा डोलारा उतरवला, तर तेही बसतं त्यात.

2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष ठरवलंय. असं झाड काढायची परवानगी मिळाली, तर झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची अट आहे. साठ वर्षांचा निंब म्हणजे साठ रोपं. वखारवाला हे सांगत नाही, कारण रोपं त्याला लावायची नसतात.

खेडेगावात, म्हणजे नागरी हद्दीबाहेर, 1964 चा वृक्षतोड कायदा. त्याच्या यादीत आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन, साग वगैरे आहेत.

शेजारच्यांच्या पत्र्यावरची फांदी धोकादायक असेल तर नगरपरिषदेला फोटोसकट लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. नानांनाही अर्जावर सही करायला सांगा. उद्या काही झालंच तर 'यांनी काही केलं नाही' असं म्हणायला जागा राहत नाही, आणि शेजारधर्मही टिकतो.

खरंखोटं
वहिनी, अर्जाचं उत्तर येईपर्यंत दोन पावसाळे जातात हो.

वकिलीण_वहिनी
म्हणून तर पोच घ्या म्हटलं.

सातपुडा_एक्सप्रेस
विषयांतर, पण त्या ढोलीत कोण राहतं ते बघितलंत का? आमच्या निंबाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी आहे. संध्याकाळी दोघंही दारात येऊन मान वरखाली करत आमच्याकडे बघतात, जणू भाडं आम्हीच थकवलंय. आजी त्यांना अपशकुनी म्हणायची. उंदीर कमी झाल्यावर म्हणेनाशी झाली.

मोगलाई_वरण
पिंपळावर मुंजा, चिंचेवर हडळ, निंबावर पिंगळा. निंब परवडला.

आखाजीचा_झोका
निंबाच्या फांदीचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या माहेरी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पूर्ण गल्लीचा झोका एकाच निंबाला असायचा. सासुरवाशिणी आल्या की तो दोर दिवस-दिवस थांबायचा नाही. त्या फांदीला दोर घासून घासून खोल वळ पडला होता आणि त्याच्या पुढचा भाग एका वर्षी वाळला. मग काकांनी दोराखाली जुन्या गोधडीची जाड घडी घालायला सुरुवात केली. झोका बांधा, पण उघडा दोर नको, आणि सण झाला की सोडा. वर्षभर बांधून ठेवलेला दोर किंवा तार सालीत रुतते. कपडे वाळत घालायच्या तारेचंही तेच.

बोरीकाठ
आमच्या झाडालाही तारच आहे! आई म्हणते वडिलांनी खिळा ठोकून बांधली होती. काढू का?

पानझड
तार सैल असेल तर कापून काढा. सालीत गडप झाली असेल तर दोन्ही टोकं कापा आणि आतली राहू द्या. खिळा उपटू नका.

काळी_माती
मी बांधकामातला. घराला तडे गेले की पहिला संशय झाडावर. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, तडे बहुतेक त्याने जातात. झाड मातीतलं पाणी ओढून आकसणं वाढवतं, हे खरं. पण मोठं झाड एकदम काढलं की ते ओढलं जाणारं पाणी मातीतच राहतं, माती फुगते आणि कधीकधी नवे तडे त्यानंतर जातात. मालक मला विचारतात, 'झाड काढलं तरी तडे कसे?' म्हणून तडा दिसला की आधी मोरी, टाकी नि गटाराची गळती बघा.

ताई, तुमच्या मागच्या खोलीचा पाया खोदताना मुळं तोडली होती का, हे त्या ठेकेदाराला विचारा. माझ्या मते ढोलीपेक्षा ती जास्त महत्त्वाची गोष्ट आहे.

पानझड
+1. आणि तेच पेव्हर ब्लॉकचं. जुन्या झाडाचं अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं वरच्या एक-दीड फुटातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. वरून ठोकून ब्लॉक बसवले की पाणीही बंद, हवाही बंद. 2013 साली दिल्लीत हरित लवादाने झाडांभोवती एक मीटर काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, तो यासाठीच. तुम्ही मीटरवर थांबू नका, जमेल तेवढं मोकळं करा. पण सब्बल, कुदळ हळू. मशीन तर अजिबात नको.

जिभाऊ_चोपडेकर
झाड काय म्हनस माहीत शे का? "मन्हा पायले सिमेंट लायं, अन् आते इचारतस कसं शे!"

पाटाचं_पाणी
😂 जिभाऊ एकच वाक्य लिहितात, पण काय लिहितात.

पाण्याचं मी सांगतो, केळीवाला आहे. बुंध्यावर बादली ओतू नका, तिथे पिणारी मुळं नसतात आणि बुंधा सतत ओला राहिला की कुजतो. शेतातली जुनी लॅटरल (ठिबकची नळी) कोणाकडेही पडून असते. तिचं एक कडं फांद्यांच्या टोकाखाली जमिनीवर फिरवा, ड्रिपर लावा, रात्रभर सोडा. एप्रिल-मेमध्ये आठ-दहा दिवसांनी एकदा, पण मुरेपर्यंत. रोज थोडं थोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात. आणि पडलेला पाला जाळू नका, तिथेच दोन-तीन इंच पसरा, बुंध्यापासून वीतभर लांब.

मोगलाई_वरण
आमच्याकडे पिण्याचं पाणीच आठ दिवसांनी येतं, निंबाला कुठून?

पाटाचं_पाणी
कपडे विसळलेलं दुसरं पाणी द्या. साबणाचं पहिलं नको. निंबाला चोचले नाहीत.

तापीपल्याड
वखारवाल्यावर एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय. 'मजुरी नको, लाकूड माझं' हा सौदा झाला की कापणारा फांदी बघत नाही, वजन बघतो. जी वाळकी बारीक फांदी काढायला हवी ती राहते आणि धडधाकट मांडीएवढी फांदी जाते. आमच्या रावेरच्या घरी असंच झालं. दोन फांद्या सांगितल्या होत्या, संध्याकाळी आलो तर खांब उभा. नंतर त्याला सगळीकडून झाडूसारखे फुटवे आले आणि तेच आता पहिल्या वाऱ्याला तुटतात. मजुरी रोख द्या आणि लाकूड स्वतः ठेवा. शंभर रुपये वाचवायला जाऊन झाड घालवू नका.

पानझड
हे सोन्याने मढवून ठेवावं असं. शेंडा छाटून बोडकं केलेल्या झाडाचे नवे फुटवे सालीजवळच धरलेले असतात, त्यांना आतून पकड नसते.

फांदी उतरवायची पद्धतही लिहून ठेवतो. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून एक-तृतीयांश कापायचं. मग थोडं पुढे जाऊन वरून कापायचं, म्हणजे फांदी खाली येताना खोडाची साल ओढत नेत नाही. उरलेलं थोटूक शेवटी काढायचं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे फुगीर वळी असते, ती शाबूत ठेवून तिच्या लगत बाहेरून काप घ्यायचा. खोडाला सपाट करायचं नाही आणि खुंटीही ठेवायची नाही. एका वर्षात चौथाईपेक्षा जास्त डोलारा काढायचा नाही, इतक्या जुन्या झाडाचा त्याहून कमीच. ऐन मे महिन्यात मोठी छाटणी तर नकोच, सावलीत वाढलेली साल एकदम उन्हात आली की भाजते. आत्ता फक्त वाळकं आणि धोक्याचं काढा.

खरंखोटं
मला एक सांगा, एवढं सगळं करूनही झाड पडणार नाही याची हमी कोण देणार?

पानझड
कोणीच नाही. हमी धडधाकट झाडाचीही देता येत नाही. म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर परत बघायचं.

बोरीकाठ
मंडळी, शनिवार-रविवार अमळनेरला जाऊन आले.

शनिवारी बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढले, चारही बाजूंनी चार-चार फूट. खाली बांधकामाची कच आणि त्याखाली माती इतकी कोरडी की सब्बलच लागेना. ठेकेदाराला फोन केला. पाया खोलीच्या बाजूने खोदताना मनगटाएवढी दोन मुळं तोडल्याचं त्याने आरामात सांगितलं. झुकाव खोलीच्या विरुद्ध, म्हणजे नानांकडे आहे. तेव्हा काळी_माती यांची शंका खरी ठरली. पण त्या बाजूची जमीन उचललेली नाही, भेगही नाही. बुंध्याशी अळंबी नाही.

मोगरी आईची कपड्यांचीच होती. गोल फिरून ठोकलं. ढोलीच्या दोन्ही बाजूंना वीत-दीड वीत आवाज बदलतो, बाकी भरीव. छत्रीची काडी घालून पाहिलं तर मागच्या बाजूचं लाकूड सात इंचांच्या वर भरलं. घेर आठ फुटांना थोडा कमी.

नाना पूर्ण वेळ कुंपणाशी उभे होते. मोगरी त्यांच्या हातात दिली. त्यांनीही ठोकून पाहिलं, मग म्हणाले, "बुंधा राहू द्या, पण माझ्यावरची फांदी नको." फांदी पूर्ण नाही, तिचं पुढचं ओझं जोडफांदीपर्यंत कमी करायचं असं ठरलंय. नगरपरिषदेत अर्ज दिला, नानांची सही आहे, पोच घेतली. पत्र्याखाली ते स्कूटर लावायचे, ती आता आमच्या ओट्याशी लावतात. आईने लॅटरलही मागवली.

आता अडचण एकच. दोराने फांदी बांधून हळू उतरवणारा माणूस अमळनेर-चोपडा भागात कोणी आहे का? लाकूड देणार नाही, रोख देऊ.

पानझड
पुढचं ओझं कमी करणं योग्यच. तुटलेली मुळं नेमकी ओढ धरणाऱ्या बाजूची आहेत, तेव्हा यंदाचा पावसाळा जमिनीवर लक्ष ठेवा. बुंध्यापासून दोन-तीन फुटांवर एक खुंटी ठोका आणि तिच्याशी जमीन वर येते का ते बघत जा.

जिभाऊ_चोपडेकर
आमच्या चिंचेचं काम केलेले दोघं भाऊ आहेत. दोर, कप्पी स्वतःची आणतात. रोजंदारी ठरवूनच घ्या, जेवण वेगळं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पण ते पहिला प्रश्न विचारतील: ढोलीत मध आहे का?

बोरीकाठ
ढोलीत नाही, पण वर शेंड्याकडे एक काळं काहीतरी लटकतंय. आई म्हणते ते मागच्या वर्षीही होतं.

जिभाऊ_चोपडेकर
आग्या मोहोळ असेल ताई. पावसाळ्याच्या तोंडाशी ते आपणहून उठून जातं. तोवर झाडाखाली मोगरी वाजवू नका.